मूळ गावाचा रकाना

"इथलाच की," असं म्हणून तो उजव्या हाताचं बोट खाली जमिनीकडे करायचा. कुणीही विचारो, "कुठले तुमी?", उत्तर ठरलेलं आणि बोटही ठरलेलं. बोट इतकं सरळ खाली जायचं की विचारणारा माणूस एकदा तरी त्याच्या पायाखाली बघायचाच. तिथं काही नसायचं, आमच्या तालुक्याच्या गावाची धूळ असायची.

तुमच्याही गावात असा एखादा असेल. गावात जन्मलेला, गावच्या शाळेत शिकलेला, गावच्या बोलीत शिव्या देणारा, आणि तरीही ज्याला दर चार दिवसांनी कुणीतरी विचारतं की मूळचे कुठले. आमच्याकडे तो होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. ते लिहायचा हक्क मी गमावला आहे, तो कसा ते पुढे येईलच.

त्याचे वडील, म्हणजे अण्णा, तामिळ मुलखातले. धरणाच्या कामावर दक्षिणेकडची एक कंपनी आली होती, तिच्या मजुरांचा स्वयंपाकी म्हणून ते आले. काम संपलं, कंपनी गेली, अण्णा राहिले. का राहिले, हे गावानं त्यांना पुष्कळदा विचारलं. "पानी गोड हाय," एवढंच ते सांगायचे. आमच्या गावचं पाणी मचूळ आहे, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्यामुळे अण्णा एक तर खोटं बोलतात किंवा वेडे आहेत, असं गावानं ठरवून टाकलं. मग अण्णांनी सायकलच्या कॅरिअरला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, मोठा डबा बांधला, हँडलला रबरी फुग्याचा भोंगा लावला आणि सकाळी गल्लोगल्ली इडली विकायला सुरुवात केली. पोंप पोंप ऐकू आलं की बाया ताटल्या घेऊन दारात यायच्या. इडली सगळ्यांना आवडायची. अण्णा कुणाचेच नव्हते.

पाचवीत आम्ही एका वर्गात आलो. पहिल्या दिवशी गुरुजींनी हजेरीचं पुस्तक उघडून प्रत्येकाला मूळ गाव विचारलं. ह्याच्यापाशी आल्यावर तो उभा राहिला आणि बोट खाली करून म्हणाला, "इथलंच, गुरुजी."

"इथलं कसं बे? बापाचं गाव सांग."

"इथलंच."

गुरुजींनी एक ठेवून दिली. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता आणि खोटं त्यांना चालत नव्हतं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा एक. चौथ्या थपडेला मागच्या बाकावरून कुणीतरी तोंडानं पोंप पोंप केलं आणि अख्खा वर्ग हसला. गुरुजीही हसले. त्या दिवसापासून त्याचं नाव पोंप्या पडलं. तोंडानं भोंगा वाजवणारा पोरगा मीच होतो.

माझंही सांगायला हवं. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळीचा ट्रक भरायचा, त्यात भांडी, शेळी, कोयते आणि माणसं एकावर एक, आणि मी मागे चुलत्याकडे. आमच्याकडे निम्मी वस्ती अशीच आहे. सहा महिने कोल्हापूरकडे उसाच्या फडात, पाचटाच्या झोपडीत, कोपीत, राहायचं. तिथल्या लोकांनी "बीडवाले" म्हणून हाका मारायच्या, काही चोरीला गेलं की आधी कोपीत शोधायचं. उन्हाळ्यात परत यायचं, आणि आल्यावर अण्णाला बाहेरचा म्हणायचं. ह्यात काही चुकतंय असं मला वयाच्या चाळिशीपर्यंत वाटलं नाही.

चुलती सकाळी नुसता चहा द्यायची. हे पोंप्याच्या कसं लक्षात आलं कोण जाणे. दिवाळीनंतर एक दिवस त्यानं दप्तरातून कागदाची पुडी काढली आणि माझ्यापुढे सरकवली. आत दोन इडल्या आणि चटणी. "आईनं जास्त दिल्या," म्हणाला. दुसऱ्या दिवशीही आईनं जास्त दिल्या. सहावीला, सातवीला, दर वर्षी टोळ्या गेल्यापासून टोळ्या येईपर्यंत त्याच्या आईला अंदाज म्हणून यायचा नाही. मी त्या इडल्या खायचो आणि मधल्या सुट्टीत इतरांबरोबर पोंप पोंप करायचो. तोंड एकच होतं, दोन्ही कामं करायचं.

सातवीत पोरांनी पैज लावली की अण्णांच्या भोंग्याचा फुगा कोण काढून आणतो. मी आणला. अण्णा कुणाच्या तरी ओसरीवर पाणी प्यायला वाकले होते, तेवढ्यात काम झालं. मग भीती वाटली म्हणून फुगा चुलत्याच्या विहिरीत टाकून दिला. तीन दिवस अण्णा भोंग्याशिवाय फिरले. "इडलीय्ये, गरम इडलीय्ये," असं ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला, मग नुसतेच दारापुढे उभे राहू लागले. बाया म्हणायच्या, "अण्णा, आलेलं कळलंच न्हाई की."

पोंप्या तो फुगा शोधायला मलाच घेऊन गेला. एक अख्खी दुपार आम्ही गटारी उपसल्या, उकिरडे चिवडले. मी त्याच्यापेक्षा जास्त मन लावून शोधत होतो. शेवटी हात धुताना तो म्हणाला, "कुणीतरी बाहेरचा आलता वाटतं. आपल्या गावचं कोण कशाला नेईल?"

मी म्हणालो, "तेच की."

पुढे आम्ही दोघं बीडला वकिली शिकलो. त्याला वकील का व्हायचं होतं, हे मी एकदा कपिलधारला धबधब्यापाशी बसलो असताना विचारलं. तो म्हणाला, "कोर्टात एकदा लिहून झालं की मग कुणी थप्पड मारत न्हाई." मला वाटलं चेष्टा करतोय. मी हसलो, तोही थोडा हसला.

तालुक्याच्या कोर्टात आम्ही एकाच सिनियर साहेबांकडे उमेदवारी केली. बाररूमनं त्याचं स्वागत जसं करायचं तसं केलं. काळा कोट घालून पहिल्या दिवशी आत आला तर एक ज्येष्ठ वकील पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "दोन प्लेट, चटणी जास्त." सगळे खो खो हसले. त्यानं कोट काढून खुर्चीवर ठेवला, बाहेर गेला आणि गेटवर उभ्या असलेल्या अण्णांकडून खरोखरच दोन प्लेट आणून त्या साहेबांपुढे ठेवल्या. "चटणी जास्त सांगितली हाय," म्हणाला. ज्येष्ठ वकिलांनी त्या खाल्ल्या. वर बोटंही चाटली.

त्याच्या पहिल्या युक्तिवादाच्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर होतो. बांधाच्या भांडणाचा साधा दावा होता. तो चांगलं बोलत होता, आमच्यात सगळ्यात चांगलं तोच बोलायचा. मध्येच बाहेरच्या रस्त्यावरून पोंप पोंप आलं. बेंच क्लार्कनं मान खाली घातली, पक्षकार एकमेकांकडे बघायला लागले, समोरच्या वकिलानं तर उघड तोंडावर रुमाल धरला. न्यायाधीशांच्याही ओठाचा कोपरा हलला. तो थांबला. भोंगा जवळ आला, खिडकीखालून गेला, लांब जाऊन ऐकू येईनासा झाला. तोवर तो हातातला कागद धरून शांत उभा होता.

"वडील आहेत, सर. रोज याच वेळेला जातात," असं म्हणून त्यानं अर्धवट राहिलेलं वाक्य जिथं सुटलं होतं तिथून पुढे चालू केलं. दावा तो जिंकला. बाररूममध्ये त्या दिवशी चर्चा मात्र भोंग्याचीच झाली, आणि त्याची नक्कल करून दाखवायला लोकांनी मला उभं केलं. मी उत्तम नक्कल करायचो.

आता राजकारणाकडे येतो. आमच्या वॉर्डात टोळीवाल्यांची वस्ती आहे. एका थंडीत मतदारयादीची तपासणी झाली आणि तपासणीवाल्यांना त्या वस्तीत दारादाराला कुलूपं दिसली. माणसं अर्थातच फडात होती. कागदावर "राहत नाहीत" असं लिहून ते गेले, आणि उन्हाळ्यात लोक परत आले तेव्हा यादीतून नावं उडालेली. वस्तीतली कौसाबाई नावाची एक बाई, नवरा उसाच्या गाडीखाली गेलेला, एकटी कोयता चालवायची, ती रडत त्याच्याकडे आली. "वकीलसाहेब, मी मेले न्हाई, आन् कागदात मेल्यावानी झाले."

तो महिनाभर तहसीलच्या ओट्यावर बसला. प्रत्येकाचा अर्ज स्वतः भरला. कायमचा पत्ता लिहायचा रकाना आला की समोरच्याला विचारायचा, "कुठले तुमी?" तो माणूस म्हणायचा, "इथलाच की," आणि ह्याचा चेहरा असा उजळायचा की बघत राहावं. सुनावणीला तहसीलदार म्हणाले की घरं बंद होती, कुलूपं होती, पंचनामा आहे. त्यावर तो म्हणाला, "साहेब, ज्याला परत यायचं न्हाई तो कुलूप कशाला लावील? दार उघडं टाकून जाईल." तहसीलदारांनी पेन खाली ठेवलं. सगळी नावं परत आली.

नगरपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा वस्तीच त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, तुमी उभं राहा. तो कुठल्याच पक्षाचा नव्हता. अपक्ष म्हणून उभा राहिला. समोर वॉर्डाचे भाऊ होते. टोळ्यांचे मुकादम होते ते पूर्वी, आता पुढारी. भाऊंनी प्रचाराला एकच रिक्षा लावली आणि तिच्या कर्ण्यावर भाषण नाही, गाणं नाही, दिवसभर नुसतं पोंप पोंप. मधूनच एक आवाज विचारायचा, "घरचा पाहिजे का बाहेरचा?" लोक पोट धरून हसायचे. अण्णांनी त्या आठवड्यात सायकल काढली नाही.

एका संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो तर तो अण्णांना सांगत होता, "फक्त एकदा निवडून येऊ द्या. मग कुणी विचारणार न्हाई." त्याला नगरसेवक होऊन गटारी बांधायच्या नव्हत्या, म्हणजे बांधल्याही असत्या त्यानं, पण त्याला हवं होतं ते वेगळंच. हजेरीच्या पुस्तकातला तो रकाना त्याला गावाकडून भरून हवा होता. मतपेटीत गावानं लिहून द्यावं की हा इथला आहे. एवढ्यासाठी तो उन्हातान्हात दारोदार फिरत होता.

मतदान ऐन हंगामात होतं. वस्ती फडात. आमच्याकडे अशा वेळी उमेदवार गाड्या पाठवून माणसं आणतात आणि मतदान झालं की परत नेऊन सोडतात. ह्याचा एक रिवाज आहे, तो कुठं लिहिलेला नाही पण मोडतही कुणी नाही. ज्याच्या गाडीत बसलो, वाटेत ज्याचं खाल्लं, मत त्यालाच. एरवी शंभर थापा मारणारा माणूसही ह्यात थाप मारत नाही. बाया तर देवाशपथ मोडतील, पण गाडीचं मत मोडणार नाहीत.

त्याच्या एका पक्षकारानं टेम्पो दिला. पण उमेदवाराला शेवटच्या दोन दिवसांत वॉर्ड सोडता येत नाही. त्यानं मला सांगितलं, "तू जा. तुझ्यावर सोडलं की मला बघायला नको." तीसेक माणसं आणायची होती. फोनवर त्यानं सगळ्यांना कळवलं होतं की गाडी येतेय. अण्णांनी बायकोला घेऊन इडल्या केल्या, तीस माणसांना पुरून उरतील एवढ्या. तोच सायकलवरचा जर्मनचा डबा, कडेला एक पोचा आलेला, पांढऱ्या फडक्यात बांधून त्यांनी माझ्या हातात दिला. "वाटेत खायला. त्यांना भूक लागेल," म्हणाले.

आणि मला आदल्या दिवशी भाऊंनी बोलावून घेतलं होतं. नगरपंचायतीचा वकील म्हणून तुझं नाव घालतो, म्हणाले. फार काही मागितलं नाही त्यांनी. "माणसं आण बाबा, जरूर आण. फक्त गाडी कुणाची ते तू सांगशील तसं."

मध्यरात्री निघून सकाळी फडावर पोचलो. कौसाबाई सगळ्यात आधी कोपीतून बाहेर आली, धुतलेलं लुगडं नेसून. "आली का आपल्या वकिलाची गाडी?"

मी म्हणालो, "त्याच्या गाडीचं काही जमलं न्हाई, मावशी. ही भाऊंची हाय. भाऊंनी मुद्दाम पाठवली तुमच्यासाठी."

एवढंच. अख्ख्या आयुष्यात मी कोर्टात जेवढं खोटं बोललो असेन ते सगळं मिळून ह्या एका वाक्याएवढं भरणार नाही. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारा म्हणाला, "मग जावं का न जावं?" पण तोवर मुकादमानं दोन दिवसांची सुट्टी दिलेली होती आणि घर बघून येण्याची आस कुणाला नसते. बसले सगळे. ड्रायव्हर परगावचा होता, त्याला आमच्या राजकारणाचं देणंघेणं नव्हतं.

घोटाळा होता तो डब्याचा. आमच्या गावात इडली करणारं घर एकच. डबा उघडला असता तर गाडी कुणाची हे आंधळ्यालाही कळलं असतं. तो मी फडावर पोचण्याआधीच रिकामा करायला हवा होता, आणि केलाही होता. पण तसा नाही झाला तो सहज. जाताना एका पेट्रोल पंपापाशी टेम्पो थांबवला, पंपामागे गेलो, फडकं सोडलं. इडल्या अजून गरम होत्या. पाच-सहा कुत्री जमली. मी डबा उपडा केला आणि उभा राहिलो. मला तेव्हा भूक लागलेली होती, हे अगदी स्पष्ट आठवतं. निघताना घेतलेला नुसता चहा पोटात होता.

परतीच्या वाटेवर कौसाबाई दोनदा म्हणाली, "गाडीत इडलीचा वास येतोय की."

"न्हाई मावशी. कशाचा येईल?"

दुपारी ढाब्यावर सगळ्यांना भाऊंच्या नावानं जेवू घातलं. उन्हं कलताना आम्ही गावात आलो. डबा मी नळाखाली धुतला, फडक्याची घडी घातली आणि अण्णांना नेऊन दिला. त्यांनी झाकण काढून आत बघितलं. तळ स्वच्छ. तोंडभर हसले.

"आवडल्या का त्यांना?"

"लई आवडल्या, अण्णा. पुरल्या न्हाईत."

दुसऱ्या दिवशी केंद्राबाहेर चुन्याची रेघ मारली होती, तिच्या अलीकडे तो हात जोडून उभा. वस्तीतली माणसं रांगेनं त्याच्यासमोरून गेली. कुणी नजर वर केली नाही. कौसाबाईनं तर पदर डोळ्यांपर्यंत ओढला होता. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "प्रवासानं थकल्यात बिचाऱ्या." मी म्हणालो, हो.

अकरा मतांनी तो पडला. भाऊंच्या गुलालात ती रिक्षा होती आणि तिच्यावर भोंगा होता. मिरवणूक त्याच्या दारापुढे जरा जास्त वेळ थांबली. मी मिरवणुकीत नव्हतो, एवढी लाज मी राखली. पुढच्या महिन्यात नगरपंचायतीचा वकील झालो.

तो कोर्टात येत राहिला. तसाच हसायचा, तसाच लवकर यायचा. फक्त एक बदल झाला. कुणी "कुठले तुमी?" विचारलं की बोट अर्ध्यात थांबायचं आणि तो म्हणायचा, "वडील तामिळनाडूचे." लोकांना हे उत्तर पटायचं. मान डोलावून पुढे जायचे.

उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या. एका रविवारी मी कौसाबाईला त्याच्या घरातून बाहेर पडताना पाहिलं. ती मला बघून थांबली आणि रस्त्याची दुसरी बाजू धरून गेली. सोमवारी त्याचं टेबल रिकामं होतं. मंगळवारीही. नंतर कळलं की तो, अण्णा आणि आई, तिघंही गाव सोडून गेली. घराला कुलूप नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं, आत चूल सारवून ठेवलेली. मला त्याचं तहसीलमधलं वाक्य आठवलं आणि मी ते दार ओढून घेतलं.

सकाळी पोंप पोंप ऐकू येईना तेव्हा बायांनी चार दिवस चौकशी केली. मग एक हॉटेलवाला इडली करू लागला. त्याची इडली घट्ट असते, पण तो गावचा आहे.

बरीच वर्षं गेली. गेल्या हंगामात आमच्या तालुक्यातल्या एका ऊसतोड्याचा हात मोळी बांधताना ट्रेलरखाली आला. त्याच्या भरपाईच्या कामासाठी मी कोल्हापूरकडच्या एका तालुक्याला गेलो. कोर्टाबाहेर चहावाल्याला विचारलं की इथं ऊसतोडीच्या केसेस कोण बघतं. "बीडवाले वकील," तो म्हणाला, "पंचायत समितीवर पण हायत आमच्या. त्ये काय, समोर." पाटीवर त्याचं नाव होतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, बीड.

आत गर्दी होती. आमच्याकडची माणसं, कोयतेवाली, कडेवर पोरं. तो उठून उभा राहिला. केस पांढरे झालेले. "या. बसा," म्हणाला. मी त्याला कधी अहो म्हटलं नव्हतं आणि त्यानं मला. दोघंही एकदम परके झालो. त्यानं कागद वाचले, मध्येच आतल्या खोलीत जाऊन आला, दोन चुका दाखवल्या, एक अर्ज स्वतःच्या हातानं लिहून दिला. माझ्यासारख्या वकिलाला अर्धा दिवस लागला असता ते काम त्यानं अर्ध्या तासात केलं.

तेवढ्यात तिथलाच एक शेतकरी आला. नवा असावा. काम सांगून झाल्यावर म्हणाला, "साहेब, तुम्ही मूळचे कुठले म्हणायचे?"

त्यानं बोट उचललं. मी सवयीनं खाली जमिनीकडे बघितलं. पण बोट खाली गेलं नाही. ते माझ्याकडे आलं, छातीचा नेम धरून, आणि तिथं थांबलं.

"ह्यांच्या गावचा," तो म्हणाला.

शेतकरी माझ्याकडे बघून आदरानं हसला. मलाही हसावं लागलं.

निघताना तो दारापर्यंत आला. आतल्या खोलीत कुणीतरी खोकत होतं. "अण्णा आहेत," तो म्हणाला. "त्यांना दिसत न्हाई आता. तुमी आलात म्हणून सांगितलं तर उठून बसले. विचारत होते, आपल्या गावात इडली कोण करतं." मी भेटायला जायला हवं होतं. मी चपला घातल्या. त्यानंही आग्रह केला नाही. आत गेला आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेला एक डबा घेऊन आला. जर्मनचा, कडेला पोचा आलेला. मी हात पुढे केला तेव्हा त्यानं तो जरा धरून ठेवला.

"वाटेत खा," म्हणाला. "टाकू नका."

आवाज चढलेला नव्हता. इतक्या वर्षांत त्यानं ह्यापलीकडे मला काही म्हटलेलं नाही, आणि ह्यापुढेही म्हणणार नाही हे मला माहीत आहे.

एसटीत खिडकीशी बसलो, डबा मांडीवर. तो पेट्रोल पंप मागे पडला तेव्हा मी बघितलं नाही. मग झाकण उघडलं. डबा तीस माणसांचा होता, तळाशी इडल्या दोनच होत्या, आणि कागदाच्या पुडीत चटणी. मी दोन्ही खाल्ल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठले तुमी?" तोंडात घास आहे असं मी हातानं दाखवलं.

डबा धुऊन फडताळात ठेवलाय. अण्णा आहेत तोवर नेऊन द्यायला हवा. निघायचं म्हणून दोनदा पिशवीतही भरला. पण अण्णा झाकण काढून तळावरून हात फिरवतील आणि विचारतील, आवडल्या का. दोन्ही वेळा मी डबा परत फडताळात ठेवला.